फी कुणी भरली

आमच्या ह्यांनी आयुष्यात एकच गोष्ट पूर्ण विश्वासाने केली, ती म्हणजे संशय घेणं. भाजीवाला हसला तर वजनात मारतोय, हसला नाही तर काल मारलेलं पचवतोय. पोस्टमनने पत्र हातात दिलं तर ते वाचून दिलं असणार, आणि दाराखालून सरकवलं तर तोंड लपवतोय. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात माझ्या हातून वरणात हिंग जरा जास्त पडला, तर ह्यांनी विचारलं, कशाचा वास झाकतेयस? तेव्हा मी रडले होते. पुढे सवय झाली आणि त्याच्याही पुढे तीच खोड मला लागली. हे आधीच सांगून टाकते, कारण या गोष्टीतून मला स्वतःला सुटून जायचं नाही.

आम्ही त्र्याऐंशी साली परळहून भाईंदर पूर्वेला आलो. नवघरला सरूबाई म्हणून एक आगरी म्हातारी होती. तिच्या घराला लागून चार खोल्या होत्या, त्यातली एक आम्ही भाड्याने घेतली. हे, म्हणजे पंढरीनाथ, जवळच्याच एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात डाय बनवायचे. डाय म्हणजे पोलादाचा साचा. त्यात पत्रा दाबला की वाटी, डबा, जे काय हवं ते बाहेर पडतं. हाताला सुरेख काम होतं. शंभराव्या वाटीची कड पहिल्या वाटीसारखीच यायची. मालकही ते कबूल करायचा, पण मालक स्तुती करतोय म्हटल्यावर ह्यांना आठ दिवस झोप नाही.

झाकणाचा शोध माझ्या आमटीमुळे लागला, असं मी म्हणते. हे म्हणायचे, तुझ्या आमटीत पाणी जास्त म्हणून लागला. काही का असेना, जेवणाच्या डब्यातून आमटी गळून पिशवी पिवळी व्हायची, आणि रबराची चकती घातली तर भाताला टायरचा वास यायचा. एके रविवारी हे कानस घेऊन बसले आणि पुढचे तीस-चाळीस रविवार उठलेच नाहीत. शेवटी एक झाकण तयार झालं. डब्यावर बसवून अर्धा आटा फिरवला की आतली स्टीलची पट्टी ताणून बसायची. डबा उलटा करा, हलवा, थेंब बाहेर येणार नाही. रबर नाही, काही नाही. मी त्यात ताक भरून तो पालथा धरला आणि खाली आमची नीलम बसली होती, चार वर्षांची. तिच्या डोक्यावर एक थेंब पडला नाही. ह्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे होतं ते मी आमच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

दुसरा असता तर मालकाला दाखवून बक्षीस घेतलं असतं. ह्यांनी फोर्टमधल्या एका वकिलाकडून कागद करून घेतले आणि चौऱ्याऐंशी साली पेटंटसाठी अर्ज टाकला. दोन बोनस त्यात गेले. पेटंट मिळालं, आणि मग कळलं की ते मिळून भागत नाही, ते जिवंत ठेवावं लागतं. दरवर्षी फी भरायची, आणि ती दरवर्षी थोडी चढत जाणार. मला हा प्रकार विचित्र वाटला. वस्तू जुनी झाली की तिचं भाडं कमी व्हायला हवं, वाढतंय कसं? ह्यांना तिथल्या एका कारकुनाने समजावलं होतं. ज्याचं पेटंट कमावतं तो फी आनंदाने भरतो. ज्याचं कमावत नाही तो चार-दोन वर्षांत कंटाळून सोडतो, आणि मग ती गोष्ट सगळ्यांना बनवायला मोकळी होते. म्हणजे सरकार दरवर्षी येऊन विचारतं, अजून हवंय का? आणि प्रत्येक वेळी जरा जास्त मोठ्याने विचारतं.

आमचं झाकण एक पैसा कमवत नव्हतं. ते फक्त ह्यांच्या डब्यावर होतं. तरी दर मार्चला हे अर्धी रजा टाकून मुंबईला जायचे आणि सांगून यायचे, हवंय. कारण काय, तर कारखान्याच्या मालकाने एकदा जेवणाच्या सुट्टीत सहज विचारलं होतं, हा डबा कुठून आणला. बस. फी चुकली की दुसऱ्या दिवशी मालक ते झाकण बनवायला घेणार, याबद्दल ह्यांची खात्री होती. पावत्या आणि कागद तांदळाच्या डब्यात, तांदळाच्या खाली. आणि दरवर्षी एक नवी निळी डायरी असायची, तीत तारखेवार सगळे संशय लिहिलेले असायचे. ‘बोळात तपकिरी फियाट, दहा मिनिटं उभी.’ ‘मालकाचा मेहुणा आज दोनदा हसला.’ मी ती चोरून वाचायचे. करमणूक दुसरी काय होती?

नव्वदच्या दिवाळीत गुणवंतभाई आमच्या दारात आले. त्यांचा स्वतःचा भांड्यांचा गाळा होता, पत्रा दाबायचे दोन प्रेस, वीस-पंचवीस माणसं. सोबत काजूकतलीचा पुडा. ह्यांनी तो पुडा खिडकीत ठेवला आणि ते जाईपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. गुणवंतभाईंनी आडवळणं घेतली नाहीत. पेटंट विकत द्या, साठ हजार देतो, असं सरळ सांगितलं.

साठ हजार हाच आकडा मला हवा होता. त्याचं कारण सांगते. सरूबाईच्या मुलांचं एका बिल्डरशी बोलणं झालं होतं. घर पाडून इमारत होणार होती. सरूबाई माझ्याजवळ येऊन रडून गेली होती. “पोरांनी जागा दिली हाय गो गिरिजे,” ती म्हणाली होती. “माजा सबूद कोन ऐकतोय? दोन वर्सांत तुमी तुमचं बगा.” मी शांती नगरमध्ये जाऊन एक खोली-स्वयंपाकघराचा ब्लॉक बघून आले होते. तिसरा मजला, घरात नळ, गॅलरीत एक खुर्ची बसेल एवढी जागा. एक लाख दहा हजार. आमच्याकडे पन्नास होते. टोकन म्हणून त्यातले पाच हजार भरून मी तो ब्लॉक पुढच्या दिवाळीपर्यंत धरून ठेवायला बिल्डरच्या माणसाला तयार केलं होतं. आता उरलेले साठ स्वतःच्या पायांनी चालत दारात आले होते.

ह्यांनी विचार करून सांगतो म्हटलं. गुणवंतभाई गेल्यावर पुडा उघडून प्रत्येक काजूकतलीचा वास घेतला आणि म्हणाले, “हा साठ देतोय म्हणजे ते सहा लाखांचं आहे.”

मी खूप समजावलं. भांडलेसुद्धा. ह्यांचा हिशेब एकच. ज्याला वीस-पंचवीस माणसांना पगार द्यायचा असतो तो माणूस उगाच साठ हजार देत नाही. त्याला काहीतरी कळलंय, जे आपल्याला कळलेलं नाही.

एक्याण्णवचा मार्च आला. फीची तारीख आली आणि हे रजा टाकीनात. मी आठवण करून दिली तर दारात उभं राहून, सगळ्या बोळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की यंदा भरणार नाही, बास झालं, सात वर्षं सरकारला पोसलं. मला खरंच वाटलं. माणूस थकतो कधीतरी. तारखेनंतर सहा महिने दंड भरून फी देता येते, हे मला माहीत होतं, तेव्हा एप्रिल-मे मी गप्प बसले. जूनमध्ये पुन्हा विषय काढला तर हे पेपरात तोंड घालून बसले. जुलैमध्ये तर म्हणाले, त्या झाकणाचं नाव या घरात काढायचं नाही.

ऑगस्टच्या सुरुवातीला गुणवंतभाई मला बाजारात भेटले. मी मेथीच्या जुड्या बघत होते. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांचा फोर्टात एक माणूस होता, तो पेटंट ऑफिसातलं रजिस्टर बघून कुणी फी भरली आणि कुणी नाही ते त्यांना कळवायचा.

“भाभी, बारा सप्टेंबर आखरी तारीख छे,” ते म्हणाले. “जिंदा पेटंट के साठ हजार, मैं आज भी देगा. मर गया तो फिर कोई भी बनाएगा, मैं पैसा किस बात का देगा?”

मी म्हटलं, तुम्हाला एवढं हवंय तर तुम्हीच भरा की फी. ते हसले. माल तुमचा, फी मी कशाला भरू, म्हणाले, आणि टोमॅटोकडे वळले.

त्या दिवसापासून मला सुचेना. कागदाचा एक तुकडा बारा सप्टेंबरला मरणार आणि त्याच्याबरोबर तिसऱ्या मजल्यावरचा नळ मरणार. सरूबाईच्या मागच्या अंगणात बिल्डरची माणसं फिती लावून मोजून गेली होती. मी पापड लाटून साठवलेले पैसे काढले. ह्यांना सांगितलं, सरूबाईच्या भाचीबरोबर चौकला, समुद्राकाठच्या कोळ्यांच्या गावाला जातेय, सुका जवळा आणायला. आणि गेले मुंबईला.

पेटंट ऑफिसात मला वाटलं होतं, हजार प्रश्न विचारतील. नवऱ्याची सही, चिठ्ठी, काहीतरी. खिडकीतल्या माणसाने फक्त नंबर विचारला. मी तांदळाच्या डब्यातून लिहून घेतलेला नंबर दिला. मी म्हटलं, मी त्यांची बायको. तो म्हणाला, बाई, कुणीही भरा, आम्हाला नंबर बरोबर हवा. फी, वर दंड, रोख. पावती मिळाली, तिच्यावर नंबर, तारीख आणि ‘रोख मिळाले’, एवढंच. मी ती घडी करून ब्लाउजात ठेवली. परत येताना भाईंदरच्या बाजारातून जवळा घेतला.

संध्याकाळी ह्यांनी जवळा चिमटीत धरला, हुंगला आणि म्हणाले, “हा चौकचा नाही.”

मी म्हटलं, चौकचाच आहे, एका म्हातारीकडून घेतला. ह्यांनी तो परत एकदा हुंगला आणि निळी डायरी घेऊन बसले. ती रात्र मी डोळे मिटून जागी होते. सकाळी सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं. सकाळी हे शिळ्या भाकरीबरोबर तोच जवळा मिटक्या मारत खाऊन कामाला गेले, आणि माझं धैर्य त्यांच्याबरोबर गेलं. मनाशी म्हटलं, आधी गुणवंतभाईंशी व्यवहार होऊ दे. पैसे हातात आले की सांगू, तेव्हा हसतील.

सप्टेंबरच्या दहा तारखेला हे अचानक अर्धी रजा टाकून कुठेतरी गेले आणि दुपारी पेढे घेऊन आले. पेढे आणणारा माणूस नाही हा. दार लावलं, कडी घातली, खिडकी लावली आणि मला जवळ बसवलं. तेव्हा मला कळलं की हे मार्चपासून काय करत होते. फी सोडायचा ह्यांचा विचार कधीच नव्हता. तो सापळा होता. आपण भरत नाही असं दाखवायचं, बोळभर ऐकवायचं आणि बघायचं कोण हलतंय. ज्याला या झाकणाची खरी किंमत ठाऊक आहे तो त्याला मरू देणार नाही. कुणीच हललं नाही तर शेवटच्या दोन दिवसांत दंडासकट स्वतः भरून यायचं.

“खिडकीतला म्हणाला, भरली आहे. गेल्याच महिन्यात. रोखीने,” हे म्हणाले. आवाज कुजबुजता, पण डोळे नीलमच्या डोक्यावर डबा पालथा धरला होता त्या दिवसासारखे. “कळतंय का तुला? गुणवंतने भरली. माझं झाकण जगावं म्हणून त्या माणसाने गुपचूप माझी फी भरली.”

आता मी बोलायला हवं होतं. मी आजवर स्वतःला शंभर वेळा विचारलंय, त्याच क्षणी का बोलले नाही. एक तर भीती. मी गुणवंतभाईंशी बाजारात बोलले, खोटं सांगून मुंबईला गेले, त्यांच्याच फायद्याची फी भरली. एवढं सगळं ह्यांच्या कानावर घातलं असतं तर माझं नाव त्या डायरीत मालकाच्या मेहुण्याशेजारी बसलं असतं. आणि दुसरं, ह्यांचा चेहरा. सात वर्षांत त्या झाकणाला कुणी बरं म्हटलं नव्हतं. आज त्यांच्या लेखी एका शेठने खिशातले पैसे घालून ते वाचवलं होतं. मी पेढा तोंडात घातला आणि म्हटलं, कुणी दुसऱ्यानेही भरली असेल.

“दुसऱ्याने कुणी? तू?” असं म्हणून हे मोठ्याने हसले. मीही हसले.

दिवाळीत गुणवंतभाई परत आले. त्यांच्या माणसाने कळवलं होतं की फी दंडासकट भरली गेली. ते पंच्याहत्तर हजारांवर आले. ह्यांनी त्यांना खुर्ची दिली, स्वतः गादीवर बसले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, “शेठ, फी भरल्याबद्दल आभार.”

“कौन सी फी?”

“तीच, ऑगस्टची.”

गुणवंतभाई गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. त्यांनी ती भरलेली नव्हती, तेव्हा ते नाही म्हणाले, पुन्हा नाही म्हणाले, आणि तिसऱ्यांदा जरा चिडून म्हणाले. प्रत्येक नाहीला ह्यांची खात्री वाढत होती. माझ्याकडे बघून भुवई उडवत होते, बघ, काय नट आहे. मी ट्रे घेऊन दारात उभी. तोंड उघडलं असतं तर शांती नगरचा ब्लॉक त्याच दुपारी आमचा होता, वर पंधरा हजार शिल्लक.

इथे मला एक कबूल करायचंय. त्या क्षणी मला फक्त भीती नव्हती. मलाही वाटलं, साठाचे पंच्याहत्तर झाले, तर पंच्याहत्तरचे नव्वद का होणार नाहीत? हा माणूस एवढं नाही-नाही म्हणतोय, म्हणजे खरंच काहीतरी दडवतोय. मी स्वतः भरलेल्या फीची पावती माझ्या ट्रंकेत होती आणि तरी मला गुणवंतभाईंचा संशय आला. इतकी मी ह्यांची झाले होते.

हे म्हणाले, तीन लाख. गुणवंतभाईंनी चहा अर्धा ठेवला आणि निघून गेले.

ब्लॉक गेला. बिल्डरच्या माणसाने दिवाळीनंतर पंधरा दिवस वाट बघितली, मग टोकनचे पाच हजार परत दिले. त्या किमतीत दुसरा ब्लॉक कधी मिळालाच नाही. आम्ही पाच हजार साठवले की भाव पन्नासने पुढे. त्र्याण्णवला सरूबाईचं घर पाडलं. ती मुलांच्या नव्या इमारतीत तळमजल्यावर राहायला गेली आणि आम्ही खाडीच्या बाजूला आणखी आत, पत्र्याच्या छपराखाली. पाणी टँकरचं. नीलमची दहावी त्या पत्र्याखाली झाली. मार्च आला की हे मात्र न चुकता फी भरून यायचे. ती आता चांगलीच चढली होती, आमचा महिन्याचा किराणा निघेल एवढी. हे म्हणायचे, गुणवंत वाट बघतोय, आपण चुकायची. दोन वर्षं त्याने कुणातरी हाती निरोप पाठवला होता, पंच्याहत्तर अजून आहेत म्हणून. ह्यांनी त्याला उत्तर दिलं नाही. मग निरोप बंद झाले. तर हे म्हणाले, आता खरा दबा धरून बसलाय.

शहाण्णवच्या फेब्रुवारीत मी भाईंदरच्या बाजारात एक प्लास्टिकचा डबा पाहिला. पस्तीस रुपये. झाकणात पांढरी, मऊ चकती. तिला टायरचा वास येत नव्हता, कसलाच येत नव्हता. मी विकत घेतला, घरी आणला आणि घरात कुणी नव्हतं तेव्हा पाणी भरून पालथा धरला. थेंब नाही. मी बराच वेळ तो तसाच धरून उभी होते. मग डबा फळीवर ठेवला, पदर खोचला आणि सरळ गुणवंतभाईंच्या गाळ्यावर गेले.

ते म्हातारे झाले होते. प्रेस एकच चालू होता. मी विचारलं, खरं सांगा, तुम्हाला त्या झाकणात काय दिसलं होतं?

“सच बोलूँ? कुछ नहीं,” ते म्हणाले. “तुमच्या मिस्टरांचं काम फर्स्ट क्लास, पण ते बनवायचं म्हणजे डब्यापेक्षा झाकण महाग. लेकिन एक नोकरीवाला आदमी हर साल फी भरतोय, साल पे साल. मला वाटलं, याच्या पाठीमागे कोई बड़ा गिराक असेल. नाहीतर कोण भरतोय?”

मग पुढचं त्यांनीच सांगितलं. एक्याण्णवला फी चुकली तेव्हा त्यांना वाटलं, गिऱ्हाईक गेलं, पेटंटात दम नाही. साठाचा शब्द दिलेला होता म्हणून मला बाजारात सांगितलं, पण मनातून सुटल्यासारखं वाटत होतं. आणि मग दंड भरून फी आली. दंड भरून कोण भरतं? ज्याला घाई आहे तो. म्हणून ते पंच्याहत्तरला आले. म्हणजे ते आमची फी बघून बोली लावत होते आणि आम्ही त्यांची बोली बघून फी भरत होतो. मधे झाकण होतं, त्याच्याकडे कुणी बघतच नव्हतं.

मी घरी आले. दुपारची वेळ, रविवार, हे कानशीला तेल लावत बसले होते. पुढच्या महिन्यात फीची तारीख होती. मी ट्रंकेतून पावती काढली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवली.

ह्यांनी ती उचलून उजेडाकडे धरली, नोट धरतात तशी. पुढून बघितली, मागून बघितली. “गुणवंतने दिली का ही तुला?” असं विचारलं, आणि त्या प्रश्नात राग नव्हता, आशा होती. ते ऐकून मला वाटलं, हो म्हणावं आणि पावती परत ट्रंकेत टाकावी. पण पाच वर्षं मी तेच करत आले होते.

“तुम्ही म्हणाला होतात, हा चौकचा नाही,” मी म्हटलं. “तो जवळा. तो भाईंदरच्या बाजारातला होता. मी चौकला गेलेच नव्हते.”

ते उठले, तांदळाच्या डब्यात हात घालून जुन्या डायऱ्या बाहेर काढल्या, एक्याण्णवची शोधली. ऑगस्टचं पान. ‘जवळा चौकचा नाही. गिरिजा खोटं बोलते आहे. का?’ खाली रेघ मारलेली. त्यांनी पानावरची तारीख वाचली, पावतीवरची तारीख वाचली. पुन्हा दोन्ही वाचल्या. जगात सगळ्यांवर संशय घेणाऱ्या माणसाचा एकच संशय खरा निघाला होता, आणि त्याचं उत्तर शोधायचं ते विसरून गेले होते.

“म्हणजे त्याने नाही भरली,” ते म्हणाले.

“नाही.”

“म्हणजे कुणालाच नको होतं ते.”

मला म्हणायचं होतं, मला हवं होतं, म्हणून तर मी भरली. शब्द ओठांवर आले होते. पण हे माझ्याकडे बघत होते आणि ह्यांना मी चांगली ओळखते, त्यांनी विचारलंच असतं, कशासाठी हवं होतं? मी ते विकायला भरली होती. मी मान खाली घातली. ह्यांनी पावतीची घडी जशी होती तशी नीट केली आणि डायरीच्या त्याच पानात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे स्टीलचा डबा घासून पुसून ओट्यावर ठेवला. बारा वर्षं तोच डबा, तेच झाकण. हे बाहेर पडताना आत आले, फळीवरचा प्लास्टिकचा डबा काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

“यात दे,” म्हणाले.

चुलीवर आमटी उकळत होती. मी ती झाकून ठेवली आणि त्या डब्यात पोळी आणि सुकी भाजी दिली.